दान : उष्टे नव्हे, वाटा
(धम्माभ्यास)



बावीस प्रतिज्ञा घेताना आपण दहा पारमितांचे पालन करण्याचे वचन दिले आहे. दान ही त्यांपैकी एक पारमिता. शील आणि प्रज्ञा यांवर विहारात पुष्कळ बोलले जाते. दानाचा विषय निघाला की मात्र आपल्यापैकी अनेकजण अवघडतात. या अवघडण्याला कारण आहे. हा शब्द आपल्या वाडवडिलांनी घेणाऱ्याच्या बाजूने ऐकलेला आहे. म्हणून दान कशाला म्हणावे, कशाला म्हणू नये आणि विहारातून धान्य व वापरात नसलेल्या वस्तू गरजूंपर्यंत कशा पोहोचवाव्यात, हे आज क्रमाने पाहू.

१. उष्टे म्हणजे दान नव्हे

गावगाड्यात ज्याच्याकडे येसकराची पाळी असे, तो काठी-घोंगडी घेऊन दारोदार भाकरी गोळा करीत फिरे. राबणूक दिवसभराची आणि मोबदला मात्र वरून टाकलेला शिळा तुकडा! देणारा त्यालाच धर्म म्हणे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचा निश्चय करा, असे आपल्या लोकांना बजावले. भूक काय असते हे त्यांना ठाऊक होते. पण तुकड्याबरोबर लाचारीही पोटात जाते, हेही त्यांना ठाऊक होते. ज्यांच्या आजोबांनी तो तुकडा नाकारला, त्यांच्या हातून दुसऱ्या कुणाच्या पदरात तसाच तुकडा पडता कामा नये. दानाचा विचार आपण येथूनच सुरू केला पाहिजे.

२. तथागतांची शिकवण

अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची आणि असत्पुरुषाच्या दानाची लक्षणे दिली आहेत. असत्पुरुष बेफिकिरीने देतो, आदर न ठेवता देतो, स्वतःच्या हाताने देत नाही आणि टाकून द्यायचे तेच देतो. सत्पुरुष आदराने देतो, योग्य वेळी देतो, मोकळ्या मनाने देतो आणि देताना स्वतःला किंवा दुसऱ्याला दुखावत नाही. अट्ठकथेत दात्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. आपण वापरतो त्याहून हलके देणारा तो दानदास, आपल्यासारखेच देणारा तो दानसहाय आणि आपल्याहून चांगले देणारा तो दानपती. आपण निदान दानसहाय व्हावे. त्यासाठी कसोटी सोपी आहे : ही वस्तू मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी नेली असती का? नसती, तर ती विहारातही आणू नये.

३. धान्यपेढी

अमेरिकेतील फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी एक नवी व्यवस्था सुरू केली. दुकानांतून व शेतांतून फुकट जाणारे चांगले अन्न एका जागी जमा करायचे आणि ज्यांना गरज आहे त्यांना तेथून द्यायचे. बँकेत पैसा ठेवतात-काढतात तसे हे अन्न ठेवणे-काढणे असल्याने तिला फूड बँक हे नाव मिळाले. आपण तिला धान्यपेढी म्हणू. पेढीत देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहत नाहीत, ही त्यातली मोठी गोष्ट. आज ठेवणारा उद्या काढणारा होऊ शकतो. त्यामुळे कुणी कुणाचा उपकारकर्ता ठरत नाही.

आपल्या विहारात अशी पेढी उभारणे अवघड नाही.

(अ) प्रत्येक घरात रोज एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात काढावे. मूठ चाळीस ग्रॅमची धरली तरी महिन्याला बाराशे ग्रॅम होतात. चाळीस घरांचे अठ्ठेचाळीस किलो.

(आ) धान्य निवडून, वाळवून, पत्र्याच्या कोठीत ठेवावे. कोठीवर तारीख लिहावी. जुने आधी बाहेर काढावे.

(इ) जमाखर्चाची वही ठेवावी व दर महिन्याला वाचून दाखवावी. दिलेले वजन वाचावे, घेणाऱ्या घराचे नाव वाचू नये.

(ई) योग्य वेळ साधावी. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हाच मजुराच्या घरची कणगी रिकामी होत असते. सुगीत साठवा आणि पावसाळ्यात द्या.

शिजवलेल्या अन्नाबाबत अधिक दक्षता हवी. १४ एप्रिलला किंवा लग्नकार्यात उरलेले अन्न द्यायचे, तर पातेल्यातले, हात न लागलेले द्यावे. पानातले कदापि नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते पोहोचले पाहिजे. बाहेर राहिलेला भात गरम केला तरी बाधू शकतो. मुदत संपलेली पाकिटे व उघडलेली औषधे घेऊच नयेत.

४. कपडे, पुस्तके, अवजारे

कपडे धुऊन, गुंड्या लावून, मापाप्रमाणे घड्या करून द्यावेत. पहिली ते आठवीची पुस्तके शासकीय व अनुदानित शाळांत मोफत मिळतात. नववीपासून पुढे पुस्तकांअभावी मुले अडतात, मुली तर अधिकच. निकालानंतर लगेच ही पुस्तके गोळा करावीत. मात्र अभ्यासक्रम बदललेला नाही ना, हे पाहावे. अनेक ठिकाणी बाबासाहेबांना हार-फुलांऐवजी वही-पेन वाहण्याची प्रथा पडली आहे. ती आपल्या गावातही आणावी.

दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला मिळतो तो असा : शेतकऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या. यज्ञापेक्षा हे बरे. म्हणून घरात पडून असलेले शिलाई मशीन, सायकल, सुताराची हत्यारे यांचे मोल जुन्या साडीहून मोठे आहे. १९९९ साली अंशु गुप्ता यांनी दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था स्थापन केली. तिच्या कामात गावकरी आपल्याच गावासाठी विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाच्या बदल्यात त्यांना कपडे व वस्तू मिळतात. घेणाऱ्याची मान ताठ राहते.

५. आधी हक्क, मग दान

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य दरमहा मिळाले पाहिजे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला आपला वाटा दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातूनही उचलता येतो. गरजू घरी गेल्यावर पहिला प्रश्न विचारावा : रेशनकार्डात सगळ्यांची नावे आहेत का? नाव चढविण्यासाठी तहसील कचेरीत बरोबर जाणे, अर्ज लिहून देणे, हेही दानच आहे. त्याला पैसा लागत नाही. जे हक्काचे आहे ते आपल्या कोठीतून देऊन आपण शासनाला मोकळे सोडू नये.

६. देणाऱ्याचे शील

२०२० च्या टाळेबंदीत शिध्याची पिशवी देताना छायाचित्रे काढण्याची अहमहमिका आपण सर्वांनी पाहिली. पिशवी धरलेल्या माणसाची खाली गेलेली नजर त्या चित्रांत स्पष्ट दिसते. आपल्या विहारात असे छायाचित्र काढू नये. जात, पंथ, पक्ष विचारू नये. घेणाऱ्याने त्रिशरण म्हणावे अशीही अट घालू नये. धम्म पोटाच्या भुकेवर पसरवायचा नसतो.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करा, असे सांगितले. वीस हजार मिळविणाऱ्याने एक हजार. त्यांनी उरलेले द्या म्हटले नाही. हिस्सा द्या म्हटले. हिस्सा आधी काढतात, उष्टे मागाहून उरते. दानाचा सगळा अर्थ या फरकात आला.

रविवारच्या वंदनेनंतर चर्चेसाठी प्रश्न :

१) असत्पुरुषाच्या दानाची लक्षणे आपल्या गावात कोठे दिसतात?
२) दानदास, दानसहाय व दानपती यांतील फरक उदाहरणाने सांगा.
३) आपल्या वस्तीत कोणाची नावे रेशनकार्डात नाहीत? त्यांच्याबरोबर तहसीलला कोण जाणार?
४) विहारातील कोठीची किल्ली कोणत्या दोघांकडे असावी? त्यांपैकी एक उपासिका असावी, असे सुचवावेसे वाटते.

जय भीम!