स्वतः बसवलेलं सोलर परवडतं?

प्रश्न : मी वायरमन आहे. गच्चीवर 3 किलोवॉटचं सोलर स्वतःच बसवलं, तर मजुरी वाचेल आणि लाइट गेल्यावर कूलरही चालेल ना?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : हातात कसब आहे, ते कामी येईलच. पण पीएम सूर्यघर योजनेचं 78,000 रुपयांचं अनुदान नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत बसवलं तरच मिळतं. त्यापुढे मजुरी किरकोळ.

कूलर मात्र चालणार नाही. खांबावरच्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट जाताच बंद होतो. बॅटरी जोडता येते, पण खर्च वाढतो.

अनुदान वजा जाता लाखभर लागले आणि महिन्याला अडीच हजार वाचले, तर 40 महिन्यांत वसुली. महावितरणच्या नेट मीटरशिवाय जोडणी नकोच. हौसेसाठी 100 वॉटचं पॅनल, छोटी बॅटरी घ्या. गच्चीवरचे दिवे खुशाल स्वतः जोडा.