एक फाइल, पाचशे सर्व्हर

प्रश्न : आमच्या डेटा सेंटरमध्ये १० जीबीची फाइल ५०० सर्व्हरवर टाकायला तासाहून जास्त वेळ लागतो. नेटवर्क तर १० गिगाबिटचं आहे. मग अडतं कुठे?

उत्तर : पाठवणाऱ्या मशीनच्या पोर्टवर. १० जीबी म्हणजे ८० गिगाबिट. एका प्रतीला ८ सेकंद धरले, तरी ५०० प्रतींना ४,००० सेकंद, म्हणजे सुमारे ६७ मिनिटं. तोवर उरलेल्या सर्व्हरची पाठवण्याची सगळी ताकद नुसती पडून राहते, आणि खरी नासाडी हीच. फाइलचे ४-४ एमबीचे तुकडे करा. ज्या सर्व्हरला तुकडा मिळाला, त्याने तो लगेच दुसऱ्यांना द्यायचा. बिटटोरंट हेच करतं. ट्विटरने २०१० मध्ये त्याच्याच आधारावर 'मर्डर' बनवलं आणि हजारो सर्व्हरवर कोड पोचवण्याचं मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. कंटेनर इमेज पाठवत असाल, तर उबरचं 'क्रॅकन' किंवा अलीबाबाचं 'ड्रॅगनफ्लाय' आधी बघा.

मात्र रॅकमधून बाहेर जाणारी लाइन बहुतेक ठिकाणी अपुरी असते. म्हणून तुकडे आधी त्याच रॅकमधल्या सर्व्हरकडून मागवा आणि वेगाला मर्यादा घाला, नाहीतर ग्राहकांचं काम तुंबेल. हॅश जुळल्याशिवाय कुठलाही तुकडा पुढे जाऊ देऊ नका.