जयपूरची थंडी आणि बंद खोलीतली शेगडी

दिवाळीचे कंदील उतरले की जयपुरात राहणारे मराठी वाचक मला दरवर्षी तेच विचारतात. हीटर कोणता घ्यावा? रात्रभर चालू ठेवला तर चालेल का? बिल किती येईल? मुंबई-कोकणातून बदलीवर आलेल्या घरात स्वेटर एखाद-दुसरा असतो आणि पांघरूण म्हणजे चादर, त्यामुळे पहिली धाव विजेच्या दुकानाकडे जाते. माझं म्हणणं असं की हीटर सगळ्यांत शेवटी घ्यावा. आधी अंथरूण बघा, मग अंगावरचे कपडे, मग दारं-खिडक्या.

जयपूर हे शहर उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं आहे. 1799 सालचा हवामहल त्याच्या जाळीदार झरोक्यांतून वारा खेळता राहावा असा उभारलाय आणि साध्या घरांचीही रीत तीच: उंच छत, भिंतीत वर रोशनदान, पायाखाली दगडी फरशी. मे महिन्यात जे सुखाचं, तेच जानेवारीत त्रासाचं होतं. जानेवारीत पहाटेचा पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, थंडीची लाट आली तर आणखी खाली. पण त्याच दिवशी दुपारी साधारण 22 अंश असतात, आणि ही दुपार बहुतेक घरं वाया घालवतात. थंडी वाजते म्हणून दिवसभर पडदे ओढून बसतात!

डिसेंबरच्या अखेरीस जयपुरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं, फरशी आणि भिंत तापते. धुकं नसेल त्या दिवशी दहा वाजता तिकडचे पडदे पूर्ण सारा, गाद्या-रजया गच्चीवर टाका. साडेचारला, ऊन उतरायच्या आत, सगळं बंद करा आणि जाड पडदे ओढा. दाराखालच्या फटीला जुनी सतरंजी गुंडाळून लावा, रोशनदानाला पुठ्ठा. स्वयंपाकघरातलं आणि न्हाणीघरातलं रोशनदान मात्र कधीही बुजवू नका. का, ते पुढे सांगतो.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. 2000 वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. रात्रीचे आठ तास म्हणजे 16 युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर एका रात्रीचे 128 आणि महिन्याचे चार हजारांच्या घरात. तीच रात्र 100 वॉटच्या विजेच्या ब्लँकेटने काढली तर सात रुपयेही लागत नाहीत, आणि ते झोपण्यापूर्वी अर्धा तास लावून अंथरुणात शिरताना बंद केलं तर काही पैशांतच भागतं. लहान बाळ, अंथरूण ओलं करणारं मूल, पायाची संवेदना गेलेले मधुमेही आणि विसरभोळे झालेले वृद्ध यांना मात्र विजेचं ब्लँकेट देऊ नये. मधुमेह्यांनी गरम पाण्याची पिशवीही पायाशी घेऊन झोपू नये. चटका बसलेला कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. त्यांच्यासाठी लोकरीचे सैल मोजे बरे.

जयपुरी रजई हलकी असते तरी ऊब देते, कारण पिंजलेल्या कापसात हवा अडकून राहते. कापूस दबून त्याच्या गाठी झाल्या की ऊब गेली. नवी घेण्याआधी जुन्या रजईचा कापूस पिंजून घ्या, कमी पैशात काम होतं. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, थंडी खालूनही येते. गावाकडून आणलेली गोधडी अंगावर घेण्यापेक्षा गादीवर अंथरा. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले चांगले. कानटोपी मोठ्यांनी झोपतानाही घालावी. तान्ह्या बाळाला झोपताना टोपी नको, तोंडावर येईल अशी जड रजईही नको. आईच्या अंगाला उघडं अंग लावून धरलेलं बाळ कोणत्याही यंत्रापेक्षा चांगलं ऊबदार राहतं.

आता शेगडी. यासाठी मी हात जोडून विनंती करतो. सांगलीच्या विटा-खानापूर भागातली गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं देशभरच्या सराफपेठांत पोचली आहेत. अशा पेठांच्या गल्ल्यांत एका खोलीत चार-पाच जण झोपतात. कोळसा हाताशी असतो, रात्री घमेल्यात निखारे घेऊन दार लावलं जातं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. ज्वाळा विझली, धूर थांबला, म्हणजे धोका टळला असं अजिबात नाही. राखेखालचे निखारेही तो वायू सोडत राहतात. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं झोप आली, आणि तो उठत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवू शकतो, त्यावर भरवसा ठेवू नका. शेगडी अंगणात शेकावी, खोलीत न्यायची ती निखाऱ्यांवर गरम केलेल्या पाण्याची पिशवी. गॅस गीझरचंही हेच, म्हणूनच स्वयंपाकघरातलं आणि न्हाणीघरातलं रोशनदान उघडं ठेवायचं. गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा. कोणी गुंगीत सापडला तर आधी दारं-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

जागतिक आरोग्य संघटना घरात किमान 18 अंश तापमान असावं असं सांगते. सगळं घर तेवढं ठेवणं आपल्याला परवडणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि बाळाला दक्षिणेच्या एकाच खोलीत झोपवा, आणि हीटर घ्यायचाच तर त्या खोलीपुरता, निजण्यापूर्वी तासभर. ऊब येण्यासाठी रात्री दारू घेणाऱ्यांना सांगतो, तिने कातडी गरम वाटते पण शरीरातली उष्णता बाहेर जाते.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. पहाटे पाचला सेंट्रल पार्कात फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी डिसेंबर-जानेवारीत ऊन पडल्यावरच बाहेर पडावं. उन्हाळ्यात ठरवलेला गोळ्यांचा डोस पुरतो का, हे याच महिन्यांत आपल्या डॉक्टरांकडे तपासून घ्यावं. आजोबा अडखळत बोलू लागले, गोंधळल्यासारखे झाले आणि त्यांची हुडहुडी अचानक थांबली, तर बरं वाटतंय असं समजू नका. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेल्याची ती खूण असू शकते. ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, शुद्धीत असतील तर गरम दूध घोटघोट द्या. हातपाय चोळू नका, शेगडीजवळ नेऊ नका. आणि लगेच दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.