आंतड्यांच्या क्षयाची ओळख

क्षयरोगाचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें खोकला व रक्ताची थुंकी येते. परंतु रॉबर्ट कॉख यांनीं ता. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें ज्या जंतूचा शोध जाहीर केला, तो केवळ फुप्फुसांतच घर करतो असें नाहीं. तो पोटांतही शिरतो, आणि तेथें त्यास ओळखणें फार कठीण जातें. अशा पुष्कळ रोग्यांचीं फुप्फुसें स्वच्छ असतात. म्हणून छातीचें क्ष-किरण चित्र निर्दोष आलें एवढ्यावरून निश्चिंत होतां येत नाहीं.

हा जंतु आंतड्यांत पोंचतो तो गिळलेल्या कफावाटे, रक्तावाटे, किंवा रोगट जनावराच्या कच्च्या दुधावाटे. (दूध उकळून पिण्याच्या आजीबाईंच्या हट्टास हंसणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) लहान आंतडें मोठ्या आंतड्यास जेथें मिळतें, तो पोटाच्या उजव्या बाजूचा खालचा भाग त्याच्या विशेष आवडीचा. तेथें अन्नरस बराच वेळ थबकतो, आणि जंतु ज्यांत रुजतात तो लसिकापेशींचा भरणाही तेथें मोठा असतो. प्रथम व्रण पडतात, भिंत जाड होते. पुढें व्रण भरतांना ती आवळते व वाट अरुंद होते.

ही अरुंद वाटच रोग्याच्या तक्रारीचें मूळ होय. जेवणानंतर कांहीं वेळानें पोटांत कळ उठते, गुरगुर ऐकूं येते, आणि आवाज होऊन कळ शमते. सायंकाळीं बारीक ताप, रात्रीं घाम, अन्नावरची वासना उडालेली, अंगावरचे कपडे सैल होत चाललेले. कधीं जुलाब, कधीं बद्धकोष्ठ. घरीं ओवा, हिंग व जंताचें औषध यांत महिने निघून जातात. वैद्यानें पोट चांचपलें तर उजवीकडे खालीं कधीं कधीं गोळा हातास लागतो.

पण गोळा कशाचा, हें हात सांगत नाहीं. पूर्वी बेरियम पाजून क्ष-किरण चित्रें घेत. स्टिर्लिन नांवाच्या वैद्यानें १९११ सालीं दाखविलें कीं सुजलेल्या भागांत बेरियम ठरतच नाहीं. अलीकडचें व पलीकडचें आंतडें भरलेलें दिसतें आणि मधला भाग रिकामा. आज सीटी स्कॅनमध्यें जाड झालेली भिंत दिसतेच, शिवाय शेजारच्या लसिकाग्रंथीही दिसतात. त्यांचा मध्यभाग काळा व कडा उजळ असली, तर क्षयाचा संशय फार बळावतो.

एवढें होऊनही एक तोतया उरतोच. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३२ सालीं वर्णिलेला रोग ह्याच जागीं होतो आणि जवळजवळ हींच लक्षणें दाखवितो. मात्र तो क्षयाच्या जंतूमुळें होत नाहीं. त्यावर शरीराची प्रतिकारशक्ति दाबणारीं स्टेरॉइडसारखीं औषधें देतात. तींच चुकून क्षयरोग्यास दिलीं, तर जंतूंस मोकळें रान मिळतें. येथें घाई जिवावर बेतूं शकते.

म्हणून गुदद्वारावाटे दुर्बीण घालून आंतडें प्रत्यक्ष पाहतात. क्षयाचे व्रण बहुधा आंतड्यास आडवे वेढणारे, तर क्रोनच्या रोगाचे उभे, लांबट. त्याच वेळीं भिंतीचे बारीक तुकडे काढून घेतात. त्यांत पेशींच्या गांठी व त्यांच्या मध्यभागीं पनिरासारखा मऊ मृत अंश आढळला, किंवा खुद्द जंतूच सांपडला, तर प्रश्न मिटला. परंतु जंतु पुष्कळदां दृष्टीस पडत नाहीं, आणि तो प्रयोगशाळेंत वाढवून पाहण्यास कित्येक आठवडे लागतात.

अशा वेळीं तज्ज्ञ सर्व पुरावा एकत्र तोलून कधीं कधीं क्षयाचीं औषधें सुरू करतात, आणि दोन-तीन महिन्यांनीं पुन्हा दुर्बिणीनें पाहतात. केवळ बरें वाटूं लागलें हा पुरेसा पुरावा नव्हे. व्रण भरून आले असले, तर निदान बरोबर होतें असें धरून सहा महिन्यांचा उपचार पुरा करतात. व्रण तसेच राहिले असले, तर निदान पुन्हा पहिल्यापासून तपासावें लागतें.