कोरलेला भोपळा ताटात नको

घारगे मी बिघडवले नाहीत. ते झालेच नाहीत. का झाले नाहीत हे मंडळात कुणी मला विचारलं नाही, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

२०२४ साली दिवाळी नेमकी हॅलोविनला लागून आली. आमच्या न्यू जर्सीत दारोदारी भोपळे मांडलेले. ते वाया कशाला घालवायचे, घारगे करू, असं फराळ समितीतल्या एका ताईंना सुचलं. करणार कोण, तर मी. मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "ताई, भोपळे न कोरलेले आहेत ना?" "अगं हो गं, ताजे आहेत. तुझे कष्ट वाचावेत म्हणून चिरूनच पाठवते." मग फोडींनी गच्च भरलेल्या पिशव्या आल्या.

पहिली पिशवी किसली. कीस कसला, नुसता दोऱ्यांचा गुंता आणि खाली पाणी. गुळात शिजवत ठेवला तर आटता आटेना. कणीक घालत गेले तरी पीठ सैल ते सैलच. मग दुसरी पिशवी उघडली. एका फोडीची कड तिरकी, अगदी सुबक कापलेली. शेजारची फोड तिला लावून पाहिली तर मधे त्रिकोण तयार झाला. तो डोळा होता! आतल्या अंगाला काजळी धरलेली, सालीवर मेणाचा थेंब. म्हणजे हे भोपळे दिवे लावून पोर्चवर बसलेले होते.

ताईंना फोन केला. "एवढी काय चिकित्सा करतेस? शिजल्यावर सगळं मरतं."

सगळं मरत नाही, ताई. जंतू मेले तरी त्यांतल्या काहींनी सोडलेलं विष उकळूनही तसंच राहतं. शिवाय कोरलेला भोपळा टिकावा म्हणून इथे कितीतरी जण त्यावर ब्लीचचं पाणी फवारतात. ते कुठल्या फोडीवर पडलं होतं, हे मी कसं ओळखायचं? मी सगळं फेकून दिलं. शनिवारी मंडळाच्या दिवाळीला ताईंनी माझ्याकडे बघत माईकवरून जाहीर केलं, "घारगे ऐनवेळी रद्द झालेत, क्षमस्व." वर अन्नाची नासाडी केल्याचा ठपकाही माझ्यावरच.

असो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगते. कोरायचा भोपळा विषारी नसतो, पण तो चवीसाठी पिकवलेलाच नसतो. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन यांनी काढलेली 'हाउडन' ही त्यातली नावाजलेली जात. देठ दणकट, रूप देखणं, गर मात्र पाणचट आणि धागेदार. न कोरलेला उरला असेल तर दोन भाग करून, उपडे घालून २०० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये मऊ होईपर्यंत भाजा. गर मिक्सरमधून काढा आणि चक्क्यासारखा फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये निथळू द्या. ही पायरी गाळलीत तर या गराचा केक मधे खचलाच म्हणून समजा. हा गर थालीपिठात, सांबारात किंवा दालचिनी-जायफळ घातलेल्या केकमध्ये खपतो. उरलेला फ्रीझरमध्ये टाका, बरण्यांत भरून साठवू नका. चाखताना कडू लागला तर थुंका आणि सगळा टाकून द्या.

घारग्यांना बटरनट घ्या. तो आपल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला. डब्यातला गर आणलात तर डब्यावर फक्त भोपळा लिहिलंय ना ते बघा, 'पाय मिक्स'मध्ये साखर-मसाला आधीच असतो.

बिया मात्र कोरायच्या दिवशीच काढा. धुऊन मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, कोरड्या करा आणि १६० अंशांना खमंग भाजा. दिवा लावून झालेला भोपळा मेण खरवडून कंपोस्टमध्ये घाला. ती नासाडी नव्हे.

आणि अन्नाच्या बाबतीत भीड बाळगू नका. भोपळा आख्खा, देठासकट मागा. चिरून देण्याचा फारच आग्रह झाला, तर त्याचे घारगे आधी देणाऱ्याच्या घरी होऊ द्यात.