येणारा फोन वाजत का नाही?

दळणवळणाच्या साधनांचा पाठ शिकविताना तारायंत्र, तांब्याच्या तारेचा दूरध्वनी व मोबाइल येथवर येऊन शिक्षक बहुधा थांबतात. परंतु ज्या घरी इंटरनेटवरून चालणारा दूरध्वनी आहे, तेथील मुलांस पुष्कळदा एक चमत्कारिक अनुभव येतो. घरातून मुंबईस बोलता येते. मुंबईहून केलेला फोन मात्र येथे वाजत नाही. कारखान्यात रात्रपाळी करणारा बाप फोन लावतो, घरी घंटा होत नाही, आणि तो आपणांस विसरला असे मुलांस वाटते. एखादे वेळी निरोप आजारपणाचा असतो. म्हणून या दोषाचे कारण मुलांस समजणे अगत्याचे आहे.

अशा फोनची हाक नेण्याआणण्याचे काम सामान्यतः एसआयपी नावाच्या नियमावलीने चालते. तिचे आज रूढ असलेले स्वरूप २००२ साली निश्चित झाले. यंत्र सुरू होताच ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे "मी अमुक ठिकाणी आहे" अशी नोंदणी करते. पुष्कळ यंत्रांत या नोंदणीची मुदत ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असते. परंतु यंत्र व सर्व्हर यांच्यामध्ये घरातील राउटर बसलेला असतो. आतून कोणी बाहेर संदेश धाडला की राउटर त्याची टिपण ठेवतो व त्याच वाटेने उत्तर आत येऊ देतो. ही टिपण तो कित्येकदा अर्ध्या मिनिटात, कधी काही मिनिटांत पुसून टाकतो. नोंदणी तासाची आणि राउटरची आठवण मिनिटाची, असा हा विसंवाद आहे. मधल्या काळात बाहेरून आलेली हाक दारातूनच परत जाते.

हे वर्गात खेळाने उत्तम समजते. एका मुलास पाटी देऊन दाराशी उभे करावे. आतील मुलगा बाहेर चिठ्ठी पाठवील तेव्हा द्वारपालाने पाटीवर दोघांची नावे लिहावी आणि तीस अंक मोजून ती पुसावी. पाटीवर नाव असेपर्यंतच बाहेरची चिठ्ठी आत सोडावी. दुसऱ्या खेपेस आतील मुलाने दर वीस अंकांनी एक कोरी चिठ्ठी बाहेर धाडावी. नाव पुसलेच जात नाही, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येते. यंत्रातील 'कीप-अलाइव्ह' ही सोय नेमके हेच करते.

आता दोष कसा ओळखावा? आधी साध्या गोष्टी पाहाव्या. घंटेचा आवाज मिटलेला नाही ना, 'डू नॉट डिस्टर्ब' चालू नाही ना, फोन दुसऱ्या क्रमांकाकडे वळविलेला नाही ना. अर्ध्या तक्रारी येथेच मिटाव्यात. नंतर नोंदणीचा दिवा पाहावा. तो लागला नसेल तर आधी इंटरनेट, मग खात्याचे नाव व संकेतशब्द तपासावेत. दिवा लागलेला असून घंटा होत नसेल, तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे व लगेच बाहेरून फोन लावावा. तो वाजला, पण दहा मिनिटांनी लावलेला वाजला नाही, तर पाटी पुसली जाते हे निश्चित समजावे. कीप-अलाइव्ह चालू करावे किंवा नोंदणीची मुदत कमी करावी.

पुष्कळ राउटरांत 'एसआयपी एएलजी' नावाची एक सोय असते. ती साहाय्यासाठी निर्मिली असली तरी संदेशातील पत्ते चुकीचे बदलून घोटाळाच अधिक करते. ती बंद करून पाहावी. घंटा होते, पण एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो, हा वेगळा दोष होय. आवाज हाकेहून निराळ्या वाटेने जातो, आणि यंत्राने १९२.१६८ ने आरंभ होणारा आपला घरातला पत्ता बाहेर सांगितला असेल, तर समोरच्याचा आवाज इकडे पोहोचतच नाही. यावर उपाय म्हणून राउटरची सर्व दारे उघडी टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये; परक्यांचे संदेश आत शिरून मध्यरात्री निनावी घंटा वाजू लागतात.

जुन्या तारेच्या फोनास वीज केंद्रातूनच मिळे. या फोनास घरची वीज लागते. भारनियमनाच्या वेळी राउटरला बॅटरी नसेल तर सर्व दुरुस्ती व्यर्थ होय. बदल केल्यावर तासभर यंत्रास हात न लावता थांबावे, मग शेजारच्या मोबाइलवरून फोन करून पाहावा. चाचणीसाठी ११२ हा क्रमांक मात्र कधीही लावू नये.