सासऱ्यांचा जुना स्वराज आणि गुडघाभर गवत

अगं, आंब्याच्या बागेत गवत गुडघ्याला लागलं म्हणून एवढी हवालदिल नको होऊस. श्रावणात तळोद्याकडे सगळ्यांच्याच बागेचं असं होतं बघ. मजूर मिळत नाही हे खरं, पण दारात सासऱ्यांचा स्वराज ७२४ ट्रॅक्टर उभा आहे ना? दुर्गापूरच्या सरकारी संस्थेत त्याचा आराखडा झाला आणि १९७४ पासून मोहालीच्या कारखान्यातून तो शेतकऱ्यांकडे यायला लागला. पंचवीसेक एचपीचं हे इंजिन चार फुटी स्लॅशर, म्हणजे गवत कापायचं अवजार, आरामात फिरवतं. रोटाव्हेटर मात्र आत्ता नको. सातपुड्याच्या पायथ्याची उताराची जमीन तुझी. गवताची मुळं उपटलीस तर पावसात माती वाहून जाईल. वरून कापायचं, मुळं राहू द्यायची.

खरं सांगू का, आधी ट्रॅक्टर थांबवायला शीक. जुन्या ट्रॅक्टरला बहुतेक सिंगल क्लच असतो, म्हणजे चाकं आणि पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) दोन्हींसाठी एकच. बटण बंद केलं तरी पंखा फिरत राहतो ना, तशी क्लच दाबल्यावरही स्लॅशरची जड पाती फिरत राहतात. तो जोर पीटीओतून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. तू क्लच दाबून बसलेली आणि गाडी निघाली झाडाकडे! यावर उपाय आहे गं. जोर एकाच बाजूने जाऊ देणारं कपलिंग मिळतं, ते मेकॅनिककडून पीटीओला बसवून घे. तोवर स्लॅशर जोडायचाच नाही. आणि ओळ संपायच्या आधीच रेस उतरवायची.

गवत दाट लागलं तर मात्र रेस कमी करू नकोस, खालचा गिअर टाक. पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्या मिळाल्या तरच पाती नीट कापतात, नाहीतर गवत नुसतं आडवं पडतं. उतारावर वर-खाली चालव. आडवी गेलीस तर ट्रॅक्टर कलंडायची भीती.

वाफसा आल्याशिवाय चाक बागेत घालायचं नाही. आधी बूट घालून, काठीने गवत बडवत पायी फेरी मार, साप असला तर बाजूला होईल. ठिबकच्या नळ्या खोडाशी गुंडाळून ठेव, दगड आणि तारा वेच. पात्याने उडवलेला दगड लांबवर जातो, म्हणून आसपास कुणी नको. लेकराला मडगार्डवर बसवायचं तर नावच काढू नकोस! साडी, ओढणी घरी. केस घट्ट बांधलेले. फिरत्या शाफ्टवर कव्हर नसेल तर आधी ते आण, कारण पदराचं टोक त्यात गेलं तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही.

चार बोटं गवत उभं राहू दे, कापलेलं झाडाच्या बुडाशी पसर, ओल टिकेल. काम झालं की रेडिएटरच्या जाळीतला भुसा ब्रशने काढ आणि एअर क्लीनरचं तेल बघ. ते धुळीने घट्ट झालं असेल तर लगेच बदल. जुनं इंजिन एवढ्या काळजीवर वर्षानुवर्षं साथ देतं.

लोक काय म्हणतील ते मी बघते. तुला घर, गोठा, मिरचीची तोडणी सगळं जमतं, हेही जमणार. कपलिंग बसलं की मला फोन कर. पहिल्या ओळीला मी येते आणि लांब बांधावर उभी राहते.